तीनशे शब्दांचा निबंध आणि बाकीच्या मुलांचे फॉर्म

मागचे दोन वीकेंड रिलीजमध्ये गेले, म्हणून इथे काही टाकता आलं नाही. आज मात्र टाकतोच, कारण हा विषय बरेच दिवस डोक्यात गरगरतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीने मोटरसायकलला उडवलं आणि दोघं जण गेले. दोघंही आपल्यातलेच, चोवीस वर्षांचे, आयटीत काम करणारे. गाडी चालवत असल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो मुलगा अठराला काही महिने कमी. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला, आणि अटींमध्ये एक अट होती, रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहेच. देशभर बोंबाबोंब झाली, आपल्या ग्रुपांवर निबंधाचे विनोद फिरले, २२ मेला मंडळाने आदेश फिरवून त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने तिथून सोडायला सांगितलं. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

तेव्हा मीही चिडलो होतो आणि आजही निबंधाचं समर्थन करायला बसलेलो नाही. दोन घरं उद्ध्वस्त झाली आणि समोर तीनशे शब्द, राग येणारच. पण तो राग आपण जामिनावर काढला, आणि मला वाटतं तिथे आपलं निशाण चुकलं. (आता काही जण टॅब बंद करणार. करा बापडे.)

कारण त्या कायद्यात जामीन ही मेहेरबानी नाहीच. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम १२ काढून बघा. मुलाला जामीन द्यायचा, हा नियम. नाकारायचा तर कारणं तीनच: बाहेर सोडल्यावर तो ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याला नैतिक, शारीरिक, मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. म्हणजे पैसेवाल्याच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला हे कायद्याला सोडून नव्हतं. विचारायचा प्रश्न हा होता, की मोबाईल चोरला म्हणून पकडलेल्या, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला त्याच कलमाखाली त्याच दिवशी का मिळू नये? त्याची संगत वाईट आहे, घर धोक्याचं आहे, हे मंडळाला पहिल्याच दिवशी कोण सांगतं?

एक फॉर्म सांगतो. 'फॉर्म १, सामाजिक पार्श्वभूमी अहवाल.'

हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, केंद्राचे आदर्श नियम त्याच वर्षी सप्टेंबरात आले, आणि नियमांच्या शेवटी चाळीसहून जास्त नमुने जोडले आहेत. महाराष्ट्राने २०१८ साली स्वतःचे नियम केले. मी खाली जे आकडे देतोय ते केंद्राच्या नमुन्यांचे. आपण बातम्यांमध्ये कलमं ऐकतो, निकाल ऐकतो, वकिलांची भाषणं ऐकतो. मुलाच्या वाट्याला प्रत्यक्षात येतात ते हे नमुने. तो बोलतो कमी, कागद जास्त बोलतो.

फॉर्म १ भरतो कोण? बाल कल्याण पोलीस अधिकारी. नाव गोड आहे, पण माणूस पोलीस ठाण्यातलाच, आणि त्याच्याकडे वेळ चोवीस तासांचा, कारण तेवढ्यात मुलाला मंडळापुढे उभं करायचं असतं. शिवाय एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. गुन्हा 'अतिगंभीर' म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा नसेल आणि प्रौढांबरोबर मिळून केलेला नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही, स्टेशन डायरीत नोंद घ्यायची आणि हा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. तरतूद चांगलीच आहे, पोराच्या नावावर एफआयआर चिकटत नाही. पण त्यामुळे साध्या चोरीमारीच्या प्रकरणात मुलाची सगळी ओळख या फॉर्मवर येऊन बसते.

तर या फॉर्ममध्ये काय काय विचारलंय? नाव, पत्ता, वय हे आलंच. मग धर्म, आणि हिंदू असेल तर ओसी, बीसी, एससी की एसटी. जामिनाच्या तीन कारणांपैकी कुठल्या कारणाला जात लागते हे मला कुणीतरी समजावून सांगा. मग घरातली माणसं, त्यांचं शिक्षण, कमाई, आजार, व्यसनं. मग 'मुलाच्या सवयी', दोन स्तंभांत, लागू असेल तिथे खूण करा. पहिल्या स्तंभात धूम्रपान, दारू, अंमली पदार्थ, जुगार, भीक मागणं. दुसऱ्यात टीव्ही-सिनेमा, खेळ, वाचन, चित्रकला-गाणं वगैरे.

परत वाचा. भीक मागणं ही सवय आहे. दारू आणि जुगाराच्या ओळीत बसवलेली सवय.

त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये भीक मागताना सापडलेलं मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं' मूल आहे. कलम ७६ मध्ये मुलाला भीक मागायला लावणारा गुन्हेगार आहे. म्हणजे अधिनियम लिहिणाऱ्याला कळलं होतं की भुकेलं पोर हात पसरतं तेव्हा ती सवय नसते. फॉर्म लिहिणाऱ्यापर्यंत ते पोचलं नाही. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. रिक्वायरमेंट एक, आणि स्क्रीन भलताच. टेस्टरने पहिल्या दिवशी बग टाकला असता.

पुढे आणखी एक रकाना आहे, 'बहुतेक मित्र कसे आहेत?' सुशिक्षित, अशिक्षित, समवयस्क, मोठे, व्यसनी, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे. आता हा रकाना आणि मघाचं कलम १२ शेजारी शेजारी ठेवा. ज्याचे मित्र इंटरनॅशनल स्कूलमधले, त्याच्या फॉर्मवर 'सुशिक्षित' अशी खूण पडते. मित्रांनी रात्री काय प्यायलं, कुणाची गाडी काढली हे विचारायला जागाच नाही. ज्याचे मित्र वस्तीतले, त्यातल्या एकाच्या भावावर केस आहे, त्याच्या फॉर्मवर 'गुन्हेगारी पार्श्वभूमी' अशी खूण पडते. दुसऱ्या दिवशी मंडळापुढे ती खूण 'ओळखीच्या गुन्हेगारांची संगत' होऊन उभी राहते. कुणी खोटं लिहिलं नाही, कुणी लाच घेतली नाही. फॉर्म नीट भरला, एवढंच झालं.

म्हणून म्हणतो, निबंधाची अट उघड दिसली म्हणून आपण तुटून पडलो. ही खूण दिसत नाही, म्हणून तिच्यावर एकही मीम नाही.

हे सगळं मी कुठून वाचायला लागलो ते सांगतो. माझी मावसबहीण एमएसडब्ल्यू आहे, मुलांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत गेली बरीच वर्षं आहे. गेल्या वर्षी तिने मला कोरे नमुने पाठवले. (कोरेच. भरलेला कागद तिने मला कधी दाखवला नाही आणि मी मागितला नाही. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि ताई त्या बाबतीत आमच्या सिक्युरिटी टीमपेक्षा कडक आहे.) तिला एक साधी एक्सेल हवी होती, कुठल्या मुलाचा कुठला अहवाल कधी द्यायचाय हे कळावं म्हणून. मी उत्साहात म्हटलं, "ताई, एक्सेल कशाला, आख्खं फॉर्मच डिजिटल करून देतो. ड्रॉपडाऊन टाकतो, दहा मिनिटांत भरून होईल."

ती म्हणाली, "अरे, तेच नकोय मला. दहा मिनिटांत भरून होतो हाच तर घोळ आहे. तू आधी 'इतर' समोर लिहायला जागा किती आहे ती बघ."

बघितली. फार तर अर्धी ओळ.

तिने मग मला अत्याचाराचा तक्ता उघडायला लावला. शिवीगाळ, मारहाण, लैंगिक अत्याचार, आणि कुणी केलं त्याचे पर्याय: आई-वडील, भावंडं, मालक, 'इतर'. खाली वाईट वागणुकीचे प्रकार: जेवण न देणं, निर्दयपणे मारणं, जखमी करणं, डांबून ठेवणं. 'निर्दयपणे मारणं' याच्यापुढे टिकमार्क. आधी मला वाटलं भाषांतर बिघडलंय, मूळ इंग्रजी काढून पाहिलं तर तेच. पण ताईचा मुद्दा शब्दाचा नव्हता. तिने विचारलं, "यात पोलीस कुठे आहे? शाळेतला मास्तर कुठे आहे? बालगृहातला काळजीवाहक कुठे आहे?" कुठेच नाहीत. 'इतर' मध्ये आहेत, अर्ध्या ओळीत. आणि फॉर्म १ भरताना समोर खुर्चीत पोलीसच बसलेला असतो. चौदा वर्षांचं पोर त्याला सांगणार, की साहेब, 'इतर' मध्ये लिहा, तुमच्याच हवालदाराने मारलं?

डेटाबेसवाल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. ज्याला स्तंभ नाही त्याची बेरीज होत नाही. वर्षअखेरीला कुणी अहवाल काढला तर आई-वडील मारतात, मालक मारतात हे आकड्यांत येईल. सरकारची माणसं मारतात हे येणार नाही, कारण तसं विचारलेलंच नाही.

आता दुसऱ्या खिडकीकडे या. बाल न्याय मंडळ हे 'विधिसंघर्षग्रस्त' मुलांसाठी. (हा शब्द ज्याने घडवला त्याला एकदा ऐंशी किलोमीटरच्या वेगाने तो तीनदा म्हणायला लावलं पाहिजे.) बाल कल्याण समिती हे वेगळं प्रकरण आहे, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. तिथे येतात हरवलेली, सोडून दिलेली, घरातून पळालेली, कामावरून सोडवलेली, अत्याचार झालेली मुलं. यांनी कुणाचं काहीही बिघडवलेलं नाही. समितीपुढे मूल आणताना फॉर्म १७ भरायचा, मग सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत, तिचा नमुना फॉर्म २२. आपल्याकडे कार्यकर्ते त्याला नुसतं 'गृहचौकशी' म्हणतात.

फॉर्म २२ उघडा. सवयी: धूम्रपान, दारू, अंमली पदार्थ, जुगार, भीक मागणं. बहुतेक मित्र कसे आहेत: सुशिक्षित, अशिक्षित, व्यसनी. अहो, हे तेच! आरोप असलेल्या मुलाचा फॉर्म उचलून अत्याचार झालेल्या मुलीच्या फॉर्मवर चिकटवलाय. कॉपी-पेस्ट आपण सगळेच करतो, पण निदान व्हेरिएबलची नावं तरी बदलतो. काका दारू पिऊन खोलीत यायचा म्हणून घर सोडलेल्या मुलीला सरकार विचारतं, तू जुगार खेळतेस का.

आणि या कायद्याच्या कलम ३ मध्ये तत्त्वं दिली आहेत बरं का, चांगली सोळा. मुलाशी संबंधित प्रक्रियेत कलंक लावणारी, दोषारोपाची भाषा वापरायची नाही, हे त्यातलंच एक. मुलाला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क, हे दुसरं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तिसरं. वाचून ऊर भरून येतो. मग शेवटच्या पानांवरचे नमुने येतात.

त्या शेवटच्या उपायाचंच बघा. नवरा गेलेली बाई, दोन मुलं, सकाळी सहाला धुण्याभांड्याला बाहेर पडते, घरी बघणारं कुणी नाही. गृहचौकशीत एक वाक्य लिहिलं जातं, 'घरची परिस्थिती हलाखीची, पालक मुलांकडे लक्ष देऊ शकत नाहीत.' या एका वाक्यातून दोन रस्ते निघतात. एक, मुलांना बालगृहात टाका. दोन, महाराष्ट्राचीच क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, २०२३ मध्ये रक्कम वाढवून दर मुलामागे महिना २२५० रुपये केली, ती द्या आणि मुलांना आईपाशीच राहू द्या. कुठला रस्ता निघेल हे त्या वाक्यावर नाही, लिहिणारा ते कुणासमोर आणि किती घाईत लिहितोय त्यावर ठरतं. फॉर्ममध्ये 'घरी ठेवण्यासाठी काय काय करून पाहिलं, आणि ते का जमलं नाही?' असा सक्तीचा रकाना असता, तर लिहिणाऱ्याला बालगृहाची शिफारस करण्याआधी थांबावं लागलं असतं. गरिबीची नोंद घ्यायला डझनभर जागा आहेत. सरकारने आधी काय करायला हवं होतं, ते केलं का, शाळेतून नाव कुणी कापलं, रेशन कधी बंद झालं, याची मात्र जागा नाही. 

वयाचं तर काय सांगावं. तुमच्या ऑफिसात १ जूनला किती केक कापले जातात? आमच्या आधीच्या कंपनीत एकाच टीममध्ये तिघांचे वाढदिवस १ जूनला होते, तिघंही मराठवाड्यातले, आणि तिघांनाही आपली खरी तारीख माहीत नव्हती. गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली डिफॉल्ट व्हॅल्यू ती. आपण हसतो. पण कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना पहिला मान शाळेच्या किंवा दहावीच्या दाखल्याला. तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. सोळाच्या खाली की वर, अठराच्या आत की बाहेर यावर सगळा कायदा उलटतो. सोळा ते अठरामधल्या मुलावर अतिगंभीर आरोप असेल तर प्रौढासारखा खटला चालू शकतो. त्या रेषेवर उभ्या असलेल्या पोराचं नशीब एका गुरुजींच्या जूनमधल्या घाईवर. फॉर्मवर तारीख लिहायला चौकट आहे, ही तारीख किती भरवशाची हे लिहायला नाही.

ताईचं ऐकल्यापासून मला डोंगरी आठवत राहते. मुंबईत डोंगरी-उमरखाडीला जिथे आज मुलांचं निरीक्षणगृह आहे (लोकांच्या तोंडी अजून रिमांड होमच), तो पूर्वी तुरुंग होता. टिळक आणि आगरकर १८८२ साली तिथेच होते, कोल्हापूर प्रकरणात. आगरकरांनी बाहेर येऊन त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं. स्वतः, स्वतःच्या शब्दांत, आत काय खाल्लं, कुठे झोपलो, काय बोललो. त्याच भिंतींच्या आत आज राहणाऱ्या पोरांबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, पण त्यातलं एकही पान त्याने लिहिलेलं किंवा जसंच्या तसं सांगितलेलं नसतं. 'भावनिक घटक', 'बुद्धिमत्ता', 'समस्येची संभाव्य कारणं', सगळं तृतीयपुरुषी. मुलाला अहवाल वाचून दाखवला, त्याला तो कळला, त्याला यातलं अमुक मान्य नाही, अशी ओळ नाही.

आणि ही लढाई आपल्याकडचीच आहे हेही लक्षात ठेवा. तुरुंगात सडणाऱ्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या शीला बर्से मुंबईच्या पत्रकार. १९८६ च्या त्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, मुलांना तुरुंगात ठेवू नका, आणि राज्याराज्यांचे वेगळे कायदे नकोत, संसदेने एकच करावा. त्याच वर्षी देशाचा पहिला बाल न्याय कायदा आला. मग २००० चा आला, मग २०१५ चा. प्रत्येक वेळी संसदेत चर्चा झाली, पेपरात अग्रलेख आले. नमुन्यांवर कुणी अग्रलेख लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. कोण लिहिणार? कंटाळवाणं काम ते.

आता तुम्ही म्हणाल, मग फॉर्मच नकोत का? हवेत. फॉर्म नसताना काय चालायचं ते जुन्या लोकांना विचारा, सगळा साहेबाच्या लहरीचा कारभार. अत्याचाराचा तक्ता कितीही ओबडधोबड असला तरी तो आहे म्हणून निदान प्रश्न विचारला जातो. आणि सगळेच नमुने वाईट नाहीत. फॉर्म ७, वैयक्तिक काळजी आराखडा, त्यात पहिलाच मुद्दा आहे 'मुलाच्या अपेक्षा'. ज्याने कुणी हा पहिल्या क्रमांकावर घातला त्याला माझा नमस्कार. चांगला परिविक्षा अधिकारी या एका ओळीवरून मुलाचं आयुष्य वळवू शकतो, आणि असे अधिकारी आहेत, ताईने मला त्यांचे किस्से सांगितलेत. पण त्यांचं चांगलं काम होतं ते फॉर्ममुळे नाही, फॉर्मला वळसा घालून. समासात आडवं लिहून, मागे कोरा कागद टाचून.

म्हणूनच आपल्या जमातीचा आवडता उपाय ऐकला की आता माझं डोकं फिरतं. "सगळं ऑनलाईन करा, ॲप काढा, एआयने रिपोर्ट लिहून घ्या." कागदाला निदान समास असतो हो! स्क्रीनला नसतो. तिथे लाल चांदणी असते, रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. 'बहुतेक मित्र कसे' हे माहीत नसलं तरी काहीतरी निवडावंच लागतं, आणि माणूस यादीतलं पहिलं निवडतो. मिशन वात्सल्यचं पोर्टल आहे, हरवलेली मुलं शोधायला त्याचा उपयोग आहे, त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो वाईट प्रश्नांना चकाचक यूआय लावण्याला. आणि एआयचं म्हणाल, तर पंधरा टिकमार्क घेऊन तो दोन पानांचा सुबक सामाजिक अहवाल लिहून देईल, इतका सुबक की मंडळापुढच्या माणसाला शंकाही येणार नाही, की याच्या घरी कुणी गेलंच नव्हतं.

मग काय हवं? मला जे वाटतं ते सांगतो, ताईने त्यात भर घातली आहे. प्रत्येक अहवालाचं पहिलं पान मुलाचं असावं, त्याच्या भाषेत. मराठी म्हणजे फक्त आपली पुण्याची मराठी नव्हे, पोर पावरी, गोंडी, वडारी, भोजपुरी जे बोलत असेल ते, आणि ते त्याला वाचून दाखवल्याची नोंद. प्रत्येक खुणेपुढे 'हे कशावरून?' कुणी सांगितलं, कुठे, किती वेळ बोललात, तेव्हा खोलीत कोण कोण होतं. यातली शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. सवयींची यादी समितीच्या फॉर्ममधून काढा, व्यसनमुक्तीची गरज आहे का एवढं विचारा, बास. भीक त्यातून आजच्या आज काढा, त्याला कायदा बदलायला नको, नियमातला नमुना बदलायचा आहे. जात योजनांच्या लाभासाठी लागत असेल तर ती लाभाच्या अर्जात लिहा, जामिनाच्या कागदावर नको. अत्याचाराच्या तक्त्यात पोलीस, शाळा, संस्था हे तीन स्वतंत्र स्तंभ घाला. हे शेवटचं कुणीही सहजासहजी करणार नाही, म्हणून ते आधी मागायचं.

"मुलं निर्ढावलीत, तू फॉर्म घेऊन काय बसलास" हेही ऐकून झालंय. काही निर्ढावलेली असतीलही. कोणती ते ओळखायचं साधन हाच फॉर्म आहे ना? मग ते नीट असावं असं सगळ्यात जास्त तुम्हालाच वाटायला हवं.

शेवटी एक आपल्या दारातलं. कलम ३ मधलं शेवटून तिसरं तत्त्व 'नव्याने सुरुवात' हे आहे, आणि कलम २४ म्हणतं की मुलाच्या हातून गुन्हा झाल्याचं ठरलं तरी त्याला पुढे त्याची अपात्रता चिकटणार नाही. काही अतिगंभीर प्रकरणं सोडली तर नोंदी नष्ट करायच्या, आदर्श नियमांत त्याची बाहेरची मुदत सात वर्षं आहे. फॉर्मवर मात्र 'हा कागद अमुक तारखेला नष्ट करावा' अशी चौकट कुठेच नाही. तयार केल्याची तारीख आहे, मरणाची नाही. कागदाचं एक वेळ ठीक, वाळवी तरी आहे. सर्व्हर, त्याचा बॅकअप, बॅकअपची कॉपी, कुणीतरी मेलवर पाठवलेली पीडीएफ, यांचं काय? डिलीट जॉब लिहायचं कधी कुणाच्या स्प्रिंटमध्ये असतं का हो? आपण सगळे या धंद्यात आहोत, उत्तर माहीत आहे.

आणि समजा सरकारने सगळं पुसलं. तो पोरगा चोवीसचा झाला, डिप्लोमा केला, तुमच्या कंपनीत सपोर्टला लागायला आला. जॉइनिंगच्या दिवशी एचआर त्याच्या हातात एक फॉर्म देतं. 'आपल्यावर कधी कोणताही गुन्हा नोंदवला गेला आहे का? असल्यास तपशील द्या. खोटी माहिती दिल्यास तात्काळ कामावरून काढण्यात येईल.' खाली सही. कायदा त्याला सांगतो, मागचं संपलं. तुमचा फॉर्म सांगतो, खरं बोल नाहीतर चालता हो. मी आमच्या एचआरला गेल्या महिन्यात मेल टाकून विचारलंय, की त्या प्रश्नाखाली 'वय अठरा पूर्ण होण्याआधीचं काहीही लिहू नये' एवढी एक ओळ घालता येईल का. दोन स्मरणपत्रं गेली, उत्तर आलं, 'लीगलकडे पाठवलं आहे.' आलं की इथे टाकतो. तोवर तुम्ही तुमच्याकडचा फॉर्म काढून बघा, आणि त्यात काय छापलंय ते खाली लिहा.